खांबाईची आंघोळ

त्रेसष्ट नंबरच्या खांबावर माझं चित्र होतं, आणि त्या चित्राच्या तोंडाला पहिल्यांदा तेल मीच लावलं. ती चूक मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही. केली मी, सांगणारही मीच.

मी सायव्वा विटकर, राजणी शहरातल्या घणवाडीची. आता शहर म्हणायचं. माझं लग्न झालं तेव्हा इथे दगडाची खाण होती आणि खाणीच्या काठाला आमची पंधरा पालं. आम्ही दगड फोडला, दगडाची खडी झाली, खडीचं शहर झालं, आणि मग त्याच शहराने आम्हाला विचारलं, तुम्ही इथे कसे? चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उठल्या, त्यांच्या कमरेजवळून पूल गेला, आणि आमची चाळीस घरं पुलाखाली आली. घरं जागची हलली नव्हती, पूल वरून आला. महापालिकेच्या कागदावर मात्र हे उलटं लिहिलंय.

पुलाला एकशे बारा खांब. शहर वाढत होतं गाजरगवतासारखं, आणि खांब तपासायला माणसं पुरेनात. म्हणून महापालिकेने ठरवलं की खांबांवर चित्रं काढायची, आणि त्या चित्रांनीच खांबांची राखण करायची. ते काम माझ्या सुनेच्या खात्याकडे आलं.

सून म्हणजे केतकी. माझ्या दुर्गेशने परजातीतली, स्वतः पसंत करून आणलेली. चित्रकलेच्या शाळेत पाच वर्षं काढली आणि भाकरी थापली तर जिल्ह्याचा नकाशा होतो. पण रंगातलं तिला कळतं. हे तिच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही.

एके दिवशी तिने माझ्या हातात मोराचं पीस ठेवलं. "आई, हे वाटलं तर कुठला रंग येईल?"

"निळा. दुसरा कुठला?"

"वाटून बघा."

पाट्यावर वाटलं. मातकट भुकटी झाली, चिमटीत मावेल एवढी. निळ्याचा पत्ता नाही.

"पिसात निळा रंग नसतोच," ती म्हणाली. "नुसते बारीक थर असतात, चपात्यांच्या चवडीसारखे एकावर एक. दोन थरांत अंतर किती, त्यावर उजेडातला कुठला रंग परत फिरायचा ते ठरतं. अंतर जास्त असलं तर लाल. थर जवळ आले तर हिरवा. आणखी जवळ आले की निळा. खांबांवरचा आमचा ताणरंग तसाच आहे, फक्त रबरासारखा. खांबाचं काँक्रीट ताणलं गेलं की वरचा रंग ताणला जातो, आणि ताणला की पातळ होतो."

"म्हणजे लालाचं हिरवं होणार?"

"केसाएवढी भेग पडली तरी."

प्रत्येक खांबासमोर एक कॅमेरा आणि सगळ्या कॅमेऱ्यांमागे एक यंत्र बसवलं. त्याचं नाव राखणदार. लालाचं हिरवं दिसलं की राखणदार इंजिनियरला कळवणार. निळं दिसलं की कुणाला न विचारता पूल बंद करणार, दोन्ही टोकांचे दांडे खाली. केतकीचा त्या यंत्रावर भारी जीव.

कुणी खांबांवर मासे काढले, कुणी चंद्रावरची माणसं. हुकूम असा होता की इथलीही माणसं काढा. तर या बाईने मला काढलं, तेही न विचारता! दोन पुरुष उंचीचं चित्र, लाल लुगडं, डोक्यावर उगारलेला घण.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळी वस्ती गोळा झाली होती. मी म्हटलं, "घण असा धरतात का गं? अंगठा दांड्यावर उभा ठेवलाय. पहिल्याच दणक्याला निखळून हातात येईल. अंगठा मुठीत असतो."

लोक हसले. केतकी लाल झाली. "रंग वाळला आता, आई."

"हात तुझा वाळलाय."

बोलले खरी. पण पुढचे आठ दिवस मी दुधाला लांबच्या रस्त्याने जात होते, खांबावरून. समोरच्या इमारतीतल्या बायका आमच्या वस्तीजवळून जाताना गाडीच्या काचा वर करायच्या. त्या आता काचा खाली करून वर बघायच्या. एकीने तर थांबून विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "मीच." तिने एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हात जोडले. माझ्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात या शहराने मला हात जोडले नव्हते.

पुढच्या वर्षी विनाचालक ट्रकांच्या माळा सुरू झाल्या. दहा ट्रक एकामागे एक, मध्ये हातभर अंतर, ड्रायव्हर एकातही नाही. सगळ्यांचा वेग एक, सगळ्यांचा ब्रेक एकदम. माळ वरून गेली की आमच्या फळीवरची भांडी वाजायची. पूल बांधला तेव्हा असं काही येईल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

आणि चैत्रात खांबावरच्या माझ्या लुगड्याचा पदर हिरवा झाला.

आता मला सांगा, हिरवं म्हणजे काय? हिरवा चुडा. हिरवा खण. डोहाळजेवणाला हिरवी साडी. देवीला हिरवा शालू. ज्या कुणी हे यंत्र बनवलं त्याने धोक्याला हिरवा रंग द्यावा? केतकी म्हणते, "उजेडाचा नियम आहे तो, आई, मी ठरवत नाही." असेल. पण आमच्या बायकांना उजेडाचा नियम कुणी सांगितला नव्हता. बातमी पसरली की खांबावरची बाई हिरवा शालू नेसली. राखणदाराने इंजिनियरला कळवलं, इंजिनियर चार दिवसांनी आला, तोवर खांबाला नारळांचा ढीग लागला होता आणि दोनशे बायका ओट्या घेऊन रांगेत. त्याने बूट काढून लांबूनच नमस्कार केला आणि परवानगी आणायला म्हणून परत गेला.

त्याच मंगळवारी मी शिडी लावली. उन्हाने चित्राचं तोंड कोरडं पडल्यासारखं दिसत होतं. दगडाच्या देवाला आम्ही तेल पाजतो, नाहीतर तो उन्हात तडकतो. वाटीभर तिळाचं तेल गालाला, खांद्याला, पदराला चोळलं. स्वतःच्याच तोंडाला तेल लावताना कसं वाटतं ते सांगत नाही. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

चार दिवसांत हिरवा पदर परत लाल झाला.

लोक म्हणाले, देवी शांत झाली. राखणदार म्हणाला, ताण उतरला. इंजिनियरने फाईल मिटली. देवीला नाव पडलं खांबाई, आणि दर मंगळवारचं तेल ठरून गेलं. पहिली धार माझ्या हातची.

तोवर आमच्या वस्तीला घरं पाडायच्या नोटिसा आल्या होत्या. नगरसेवक पोपटशेठ गव्हाणे, जो आधी आमच्याकडे फक्त मतांपुरता यायचा, तो खांबाईसमोर उभा राहून गरजला, "आईच्या पायाशी कोण बुलडोझर घालतो, बघतोच मी!" नोटिसा थांबल्या. चाळीस घरांवरचं छप्पर त्या तेलाच्या वाटीवर उभं राहिलं, हे मला स्वच्छ कळत होतं. म्हणून मी एक मंगळवार चुकवला नाही. सव्वा वर्ष.

मग एका सकाळी केतकीने माझ्यापुढे एक फरशी ठेवली. तिला ताणरंग दिलेला होता. दोन्हीकडून पेचाने आवळून तिने ती वाकवली. लाल होती, हिरवी झाली. मग माझ्याच बुधल्यातलं तेल तिने बोटाने त्यावर चोळलं आणि फरशी चुलीजवळ ठेवली. दुपारपर्यंत हिरव्याचं लाल झालं. पेच तसाच आवळलेला.

"थर तेल पितात," ती म्हणाली. "प्यायले की फुगतात, अंतर वाढतं, परत लाल दिसतं. खांबाचा ताण उतरलेला नाही, आई. तो तेलाखाली दडलाय."

"म्हणजे तुझा रंग सोन्याचा आणि माझं तेल वाईट?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हणतेस? लोक माझ्या पाया पडतात ते तुला खुपतंय."

"मला तुमचं डोकं फुटलेलं खुपेल," ती म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने मला असं उलट उत्तर दिलं. मी ताट सरकवून उठले.

ती कचेरीत गेली. तिथे साहेब म्हणाले, "राखणदार लाल दाखवतोय मॅडम, तुम्ही मोरपिसांच्या गोष्टी काय सांगता?" तेल पुसायला माणसं मागितली, तर म्हणाले, देवस्थानाला हात लावायचा तर पोलिस बंदोबस्त लागेल, आणि मंगळवारी खांबाईची जत्रा आहे, दोन हजार बायका येणार, त्यानंतर बघू.

दुर्गेश म्हणाला, "आई, ती खोटं बोलत नाही."

"तू गप. बायकोचा भोपू."

पण सोमवारी सकाळी मी माझ्या नवऱ्याची हातोडी काढली.

दगडाला जीभ असते. हातोडीने ठोकलं की चांगला दगड ठणठण बोलतो. आत भेग असली, पोकळ असला, की आवाज पडतो. त्याला आम्ही बद्द म्हणतो. फुटक्या मडक्याचा असतो तसा. माझा नवरा तिमाण्णा खाणीत कड्याखाली उभा होता. कडा बद्द वाजतोय हे त्याने मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, दिसतोय तर अखंड. तो दिसण्यावर गेला आणि तिमाण्णा त्याच कड्याखाली गेला. तेव्हापासून घरात मडकं घेतानाही मी वाजवून घेते.

खांबाच्या मागच्या अंगाला ठोकलं. ठण. डावीकडे, उजवीकडे, ठण. मग पुढे आले, शिडी चढले, आणि माझ्याच गालावर हातोडी मारली.

बद्द.

जरा खाली मारली. बद्द. खांद्यावर, पदरावर, बद्द. वरून माळ गेली आणि हातोडीच्या दांड्यातून ती थरथर माझ्या दातांपर्यंत आली. मी खाली उतरले. एक फुलवाली म्हणाली, "सायव्वाआई, आज सोमवारीच देवीची सेवा?" मी हातोडी पदराआड केली.

घरी आले. केतकी डबा भरत होती.

"तेल उतरायला किती वेळ लागतो?"

तिने वर बघितलं. डबा तसाच. "गरम पाणी आणि साबण असला तर वरवरचं अर्ध्या तासात. तेवढ्याने कॅमेऱ्याला दिसेल. पण लोक हात लावू देणार नाहीत. मारतील आपल्याला."

"साबण कशाला? शिकेकाई."

"आई," तिने डबा खाली ठेवला. "राखणदाराला निळं दिसलं तर पूल बंद होईल. आणि खांब दुरुस्त करायचा म्हटल्यावर खालची घरं पहिल्यांदा जातील. चाळीसही. मग खांबाई नाही, पोपटशेठ नाही, कुणी नाही."

"मी चौथी शिकलेय, अडाणी नाही. पातेली काढ."

मंगळवारी दहा वाजता पुलाखाली मांडव, ढोल, आणि मुंगीला जागा नाही इतक्या बायका. कडेवर पोरं, हातात तेलाच्या बुधल्या. वरून माळ गेली की मांडवाच्या झालरी हलायच्या. पोपटशेठ माईकवरून माझं कौतुक करत होता. मी पुढे झाले आणि माईक त्याच्या हातातून काढून घेतला.

"बायांनो," मी म्हटलं, "सव्वा वर्ष आपण आईला तेल लावतोय. न्हाऊ कुणी घातलं?"

गलका थांबला.

"तेल चोपडून न नाहता तुम्ही सणाला बसता का? तुमच्या आईला बसवाल का? डोक्यात धूळ बसलीय तिच्या. आज आधी न्हाणं, मग तेल."

कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "खरंच की गं. कुणाला सुचलंच नाही." तीन चुलींवर पाणी आधीच उकळत होतं, शिकेकाईचा वास सुटला होता. बायका पुढे सरकल्या, हातात तांबे घेऊन. इथेच खरी भीती होती. मला त्या पुढे नको होत्या.

"थांबा!" मी ओरडले. "सवाष्णी सगळ्या सडकेपलीकडे. पोरंबाळं घेऊन, त्या पिंपळापर्यंत. एकही अलीकडे नको."

"असं कसं?" समोरची एक तडकली. नाकात नथ, हातात ओटी. "पहिला मान सवाष्णीचा असतो."

"एरवी असतो. आज विधवांचा. खांबाई कोण आहे? मी. माझा नवरा कुठाय? खाणीत. विधवेला न्हाऊ विधवाच घालणार. सवाष्णीची सावली पडली तर पाणी बाटेल."

असला नियम कुठल्याच पोथीत नाही. पण जन्मभर सवाष्णींच्या पंगतीतून आम्हाला उठवलं, तेव्हा तरी कुणी पोथी दाखवली होती? मी इतक्या ठसक्यात सांगितलं की बायका मागे वळल्या. सडक ओलांडायला लागल्या. दोन हजार बायका हलायला वेळ लागतो. मी माईकवरून हाकत राहिले, "आणखी मागे! ए हिरव्या बांगडीवाली, पोराला उचल!"

पोपटशेठ माझ्या कानाशी आला. "सायव्वा, काय लावलंय हे?"

"शेठ, घरी बायको धडधाकट आहे ना?"

"आहे. का?"

"मग तिचं कुंकू पिंपळाखाली सांभाळा. चला."

राहिल्या नऊ जणी. त्यांना मी जवळ घेऊन खरं सांगितलं. खांब बद्द वाजतोय, वरून पडू शकतो, जिला जायचं तिने जावं. दोघी गेल्या, त्यांना मी दोष देत नाही. सुंदराबाई धोत्रे म्हणाली, "पडला तर पडला. गुडघ्यांपासून तरी सुटेन. दे तो तांब्या."

मी शिडीवर चढले. खाली बघते तर शिडी धरून केतकी.

"तू सवाष्ण आहेस. हो पलीकडे."

"शिडी कोण धरणार?"

"केतकी, ऐक..."

"नंतर रागवा. पाणी थंड होतंय."

तांब्यामागून तांबे वर आले. नारळाच्या शेंडीने मी माझंच तोंड घासत होते. काळपट ओघळ हातावरून कोपरापर्यंत आले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चित्र लालच. पलीकडे बायकांनी आरती सुरू केली. वाटलं, आपलेच कान म्हातारे झाले असतील. वाटलं म्हणजे, तसं व्हावं असंच वाटलं.

मग खांद्यावर हिरवं फुटलं. गवत उगवावं तसं, आधी टोकं, मग पट्टा. पलीकडून दोन हजार गळ्यांतून आवाज आला, "आई हिरवा शालू नेसली!" ढोल घुमायला लागले. मी घासत राहिले. हिरवा गळ्यापर्यंत चढला, हनुवटीला आला, आणि गालावर, जिथे हातोडी मारली होती तिथे, एक निळी रेघ उमटली.

"केतकी! निळं!"

"हात बाजूला घ्या! कॅमेऱ्याला दिसू द्या!"

मी अंग आक्रसलं. तेवढ्यात वरून माळ आली. पहिल्या ट्रकला निळी रेघ बोटाएवढी झाली. दुसऱ्याला तळहाताएवढी. ट्रक पुढे गेला की मिटायची, पुढचा आला की उघडायची, धाप लागलेल्या छातीसारखी. ढोल थांबले होते. सगळ्यांना दिसत होतं. शालूचं कुणी बोलेना.

भोंगा वाजला. लांब, दोन्ही टोकांना, दांडे खाली आले. पण ही माळ पुलावर आधीच चढलेली होती, सहा ट्रक अजून यायचे होते.

"उतरा!" केतकीने माझा पायच ओढला. शेवटच्या चार पायऱ्या मी पायऱ्यांवरून उतरले नाही, तिच्या अंगावर आले. सुंदराबाईला दोघींनी काखेत धरलं. आम्ही सडकेच्या मध्यावर पोहोचलो आणि मागे दाणकन् आवाज झाला.

दाराएवढा तुकडा सुटला होता. बरोबर शिडीवर. शिडीचे दोन तुकडे. धूळ बसली तेव्हा आत गंजलेल्या सळया दिसल्या, बोटांनी मोडतील अशा, आणि त्यांच्यामागे हात जाईल एवढी पोकळी. खाली पडलेल्या तुकड्यावर घण होता, आणि तो दांड्यावर उभा ठेवलेला अंगठा.

शेवटचा ट्रक पुढच्या खांबावर गेला. मग वर काहीच नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा घणवाडीतली भांडी गप्प होती.

पंधरा दिवसांत घरं गेली. पोलिस आले नाहीत, बुलडोझर आला नाही, एक साहेब आला आणि अदबीने म्हणाला, तुमच्याच सुरक्षेसाठी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अकराव्या मजल्यावर खोल्या दिल्या. एका मजल्यावर आम्ही दोनच घरं, बाकीची कुठे कुठे विखुरली. पोपटशेठने सांगून टाकलं की विधवांनी न्हाऊ घातलं म्हणून देवी रुसली. सामान टेम्पोत चढवताना शेजारची शांतव्वा मला म्हणाली, "तुझ्या एका आंघोळीत आमची घरं वाहून गेली गं." मी तिचं गाठोडं उचलून टेम्पोत ठेवलं.

त्रेसष्ट नंबरला आता लोखंडाचा पिंजरा घातलाय. चित्र गेलं. राखणदारावर एकट्यावर विसंबायचं नाही असं ठरलं, आणि केतकी कचेरीतून कागद घेऊन आली. उरलेले एकशे अकरा खांब वाजवून बघायचे. कान असलेलं माणूस हवं.

"तुमच्या साहेबांना माझा कान चालतो?"

"त्यांना बद्द हा शब्द लिहिता येत नव्हता, आई. मी तीनदा लिहून दिला."

काल चौसष्ट नंबरला गेलो. त्याच्यावर आकाशात उडणारी सायकलवाली आहे, माझ्यापेक्षा बरी काढलीय. एका गाडीने काच खाली केली. मी ओळखीच्या आशेने बघितलं. त्यांनी सायकलवालीकडे बघितलं आणि गेले.

मी हातोडी पिशवीतून काढली आणि केतकीच्या हातात दिली.

"मी?"

"माझे कान किती दिवस पुरणार? तू वाजव, तू ऐक, मग मला सांग."

तिने दांडा धरला, हात मागे नेला. मी तिचं मनगट पकडलं.

"अंगठा आधी मुठीत घे."